मेंढवाड्याचं एन.ए.

मला धीर नाही, हे आधीच कबूल करून टाकते. माझं माहेर केडगावचं, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. घरातलं घड्याळ बहुतेक बंदच असायचं. सकाळची शटल गेली की डबे भरायचे, दुपारची पॅसेंजर आली की शाळेतून घरी यायचं, असा आमचा हिशोब. गाडी उशिरा आली तर मला राग यायचा, तिनं माझ्याशीच काहीतरी ठरवलं होतं असं वाटायचं. आणि अशा मुलीचं लग्न झालं ते शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर. तिथं ना रूळ, ना शिट्टी. मी सासऱ्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "आबा, इथं वेळ कशावरनं कळती?" आबा म्हणाले, "कळून काय करायचंय?"

दोन हजार सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. रांजणगावच्या एमआयडीसीत एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या. आमच्या वस्तीवरून सायकलनं अर्ध्या तासात पहिलं गेट यायचं. माझे यजमान तिथं एका कंपनीत कंत्राटावर लागले होते. ते शिफ्टवरून आले की खिशातून फाटके हातमोजे काढून मोरीपाशी टाकायचे. लोखंडाचे पत्रे उचलायचं काम, त्यामुळे जोडी दोन-तीन दिवसांत जायची. एका दुपारी मी त्यातला एक मोजा उचलला आणि सहज म्हणून उसवला. आत काही नव्हतंच. दोन पंजे, एक अंगठा, मनगटाला एक पट्टी. माझ्या माहेरच्या शिलाई मशिनवर मी त्याहून अवघड ब्लाऊज शिवत होते.

त्याच दिवशी मी वर्तमानपत्रावर माप कापलं, जुन्या बनियनांचं कापड घेतलं आणि एक जोडी शिवली. पहिल्या मोज्याचा अंगठा पाठीमागं आला. दुसरी जोडी बरी झाली. तिसरी यजमानांनी कामावर नेली आणि ती चक्क सहा दिवस टिकली. मग मात्र मला झोप येईना. आठ दिवसांत मी बारा जोड्या पिशवीत घालून कंपनीच्या गेटवर उभी होते.

पर्चेसचे साहेब तरुण होते. त्यांनी एक मोजा उलटा करून शिवण पाहिली, ओढून पाहिली आणि मला म्हणाले, "मॅडम, काम चांगलं आहे." मला त्याआधी कुणीही मॅडम म्हणालेलं नव्हतं. मी इतकी खुश झाले की पुढचं धड ऐकलंच नाही, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं. वर्षभराचं काम मिळू शकत होतं, पण कंपनीच्या यादीत नाव यायला हवं होतं. त्यासाठी जागा कायदेशीर हवी होती. शेतातल्या शेडमध्ये धंदा चालणार असेल तर बिगरशेती परवानगीचा आदेश, म्हणजे एन.ए.ची ऑर्डर, फाईलला लावावी लागणार होती. "जूनअखेरपर्यंत आणा," ते म्हणाले. "जुलैपासून काम दुसऱ्याकडे जाईल, मग वर्षभर मला काही करता येणार नाही."

मार्च सुरू होता. चार महिने म्हणजे काय कमी झाले? वडापच्या जीपमध्ये मागं लोंबकळत घरी येताना मी वस्तीवरच्या तिघी बायकांना कामावर घेऊनही टाकलं होतं. घरी पोचल्यावर तिघींना तसं सांगितलंसुद्धा.

जागा होती. आमचा मेंढवाडा. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, कंबरेएवढी दगडी भिंत, त्यावर विटा, वर पत्रा. आबांच्या आधीच्या कुठल्याच पिढीनं भिंत म्हणून बांधलेली नव्हती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, उन्हाळा संपता संपता वर यायचं, आणि वाटेत रात्र पडेल तिथं वाघर लावायची, म्हणजे मेंढरांभोवतीची ती सुतळीची जाळी. आबांनी चार एकर रान घेतलं तेव्हा राहायच्या घराआधी हा वाडा बांधला होता. यजमान कंपनीत लागले, आबांचे गुडघे गेले, आणि दोन वर्षांपूर्वी मेंढरं विकली. तेव्हापासून वाड्यात कडबा होता, कांदे होते आणि आबांची बाज होती.

सातबारा आबांच्या नावावर, म्हणजे अर्जही त्यांच्याच नावानं जाणार होता. मी त्यांना म्हटलं, "आबा, वाड्याचा कागद करायचाय. माझ्या कामासाठी."

"कर की," आबा म्हणाले. "आता कोण बसतंय तितं."

मी अंगठ्याची शाई हातात घेऊनच गेले होते. त्यांनी अंगठा दिला आणि बाज उचलून घराच्या पडवीत टाकली. मला तेवढंच हवं होतं, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

मग कचेऱ्या सुरू झाल्या. आमच्याकडं तलाठ्यालाही भाऊसाहेब म्हणतात आणि ग्रामसेवकालाही, त्यामुळे सुरुवातीला मी एकाचा कागद दुसऱ्याकडं मागत होते. तलाठी भाऊसाहेब शांत माणूस. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पिशवीकडं पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, एन.ए. म्हंजी लई कागदं. मालकांना पाठवा."

"मालक कामावर असत्यात. काय कागदं ते मला सांगा."

त्यांनी सांगितले. सातबारा, आठ-अ, फेरफार, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, नकाशाच्या प्रती, रस्त्यासाठी शेजाऱ्याची संमती. मी ते सगळं कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं आणि एकेक मिळाला की लाल पेन्सिलीनं खोडायला लागले. लोक म्हणतात कचेरीत जीव जातो. माझा तिथं जीव आला, खोटं कशाला सांगू. ग्रामसभेत मी उभी राहून बोलले. शिरूरच्या तहसील कचेरीत कुठल्या टेबलाचा माणूस कधी जेवायला उठतो ते मला पंधरा दिवसांत पाठ झालं. स्टेशनवर वाढलेल्या बाईला वेळापत्रक लागतं, ते मला अखेर शिरूरमध्ये सापडलं होतं.

नकाशाचं काम माझ्या वडिलांनी मार्गी लावलं. दौंडला त्यांच्या ओळखीचे एक रेल्वेतून रिटायर झालेले ड्राफ्ट्समन होते. जन्मभर त्यांनी मालधक्के, पूल आणि सिग्नलच्या केबिनी काढल्या होत्या. ते जीपनं आमच्या वस्तीवर आले, टेप घेऊन वाडा चारी बाजूंनी मोजला आणि आठ दिवसांनी नकाशा दिला. मी तो खाटेवर पसरून पाहतच राहिले. आमचा मेंढवाडा त्यात एखाद्या स्टेशनासारखा देखणा दिसत होता. खिडक्यांनासुद्धा नंबर. वाड्याच्या भोवती भिंतींपासून तीन-तीन फूट सोडून त्यांनी लाल शाईनं चौकोन आखला होता.

"ही लाल रेघ नीट बघून ठेव," ते म्हणाले. "परवानगी मागितलीस ती एवढ्याच जागेची. रेघेच्या आत तुझा धंदा, रेघेच्या बाहेर शेत. आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. साहेब लोक तिथंच पकडतात."

सगळ्या कागदांत अडला तो एकच. रस्त्याची संमती. वाड्यापर्यंतची गाडीवाट शेजारच्या आप्पांच्या उसाच्या कडेनं येत होती. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे संचालक, लग्नात मधल्या खुर्चीत बसणारे. माणूस वाईट नव्हता, पण सही मागितली की त्यांना कुठंतरी जायचं असायचं. मी सहा वेळा गेले. सहाव्यांदा ते म्हणाले, "सूनबाय, वाट काय मी बंद केलीय का? मग सही कशाला पायजे?"

"वाट हाय म्हणून लिहून पायजे, आप्पा."

"लिवलं की कायमचं झालं."

मी घरी येऊन भांडी आपटली. पडवीत बाजेवर बसलेले आबा ऐकत होते. संध्याकाळी ते काठी घेऊन स्वतःच आप्पांकडं गेले, आणि मी लगबगीनं त्यांच्या मागं गेले. आबांनी संमतीचा विषयच काढला नाही. पाऊसपाणी झालं, उसाचा तुरा झाला, मग आप्पांनीच विचारलं, "आबा, पुतण्यांची मेंढरं कवा वर येत्यात? यंदा माझ्या मोकळ्या रानात बसवा की. खत पार संपलंय जमिनीतलं."

"बसवू की," आबा म्हणाले. "तीन राती बसवू. वाटंनं यायला लागंल मातर."

आप्पा आबांकडं बघत राहिले, मग हसले आणि म्हणाले, "कागद आनलाय का सूनबायनं?" कागद माझ्या कंबरेला खोचलेलाच होता.

मे संपत आला तेव्हा फाईल पुरी झाली आणि कारकुनानं सांगितलं की सर्कल साहेब, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे मंडळ अधिकारी, गुरुवारी स्थळ पाहणीला येतील. जागा पाहतील, पंचनामा करतील, मग फाईल वर जाईल. माझ्या हातात महिना होता. कागदांवर माझा विश्वास होता, पण साहेबाच्या डोळ्यांवर कसा ठेवणार? मेंढरांच्या वाड्यात ही बाई काय धंदा करणार असं त्यांना वाटलं तर? म्हणून मी ठरवलं की साहेब येतील तेव्हा त्यांना धंदा उभाच दिसला पाहिजे.

मग मी आणि त्या तिघी बायकांनी चार दिवस वाडा घासला. चुना दिला. जमीन शेणानं न सारवता पाण्यानं धुतली, कारण कंपनीत मी तसंच पाहिलं होतं. घरातून वायर ओढून दोन बल्ब लावले. माझी मशीन आणि दोघींच्या मशिनी ओळीत मांडल्या, वर हातमोज्यांचे गठ्ठे रचले, नारळ फोडला. शिरूरहून फळा रंगवून आणला, "येथे कंपनीचे हातमोजे शिवून मिळतील", निळ्यावर पांढरी अक्षरं, आणि तो दारावर लावला. बुधवारी दुपारी आम्ही मशिनी चालवूनही पाहिल्या. मी दारात उभी राहून पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं.

आबा बुधवारी संध्याकाळी माझ्याजवळ आले. पुतण्यांचा कळप तीन रात्री आप्पांच्या रानात बसला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुढं केंदूरच्या बाजूला त्यांच्या वस्तीवर जायचा होता.

"जाताना घटकाभर वाड्यात बसवू का?" आबांनी विचारलं.

मला वाटलं ते थट्टा करतायत. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरची रीत होती, रिकाम्या जागेवरून मुक्काम हलवायचा नाही. मेंढरं बसलेली असावीत, त्यांना उठवावं, त्या जागेवर भंडारा टाकावा आणि मग निघावं. जन्मभर ते तसेच निघाले होते. पण दोन वर्षांपूर्वी व्यापाऱ्यानं टेम्पो चराईच्या रानातच आणला. मेंढरं तिथूनच चढवली, वाड्यावर परत आलीच नाहीत. "त्या वाड्यातनं आपण उठलोच न्हाई, पोरी," आबा म्हणाले. "आता तू तितं दुसरं काम मांडणार. एकदा बसून उठू दे."

"आबा, उद्या साहेब यायचेत. शुक्रवारी बसवा की."

"शुक्रवारी ती फुडं गेल्याली असत्यात."

"मग पुढच्या साली बसवा," मी म्हणाले. आबा काठी टेकत पडवीकडं गेले, आणि मी समजले की विषय संपला.

गुरुवारी सकाळी मी दुधाची पिशवी आणि बिस्किटं आणायला गावात गेले. साहेब दहाच्या आधी काही येणार नव्हते. साडेआठला परत आले तेव्हा लांबूनच आवाज आला. वाड्याच्या दारातून धूळ बाहेर येत होती. आत शंभर-सव्वाशे मेंढरं अंगाला अंग लावून बसली होती, माझ्या धुतलेल्या जमिनीवर, माझ्या चुन्याच्या भिंतींना घासून. चुना त्यांच्या लोकरीला लागला होता. मशिनी नव्हत्या. गठ्ठे नव्हते. बल्बसुद्धा काढून ठेवलेले. माझा निळा फळा दारात आडवा लावला होता, मेंढरं बाहेर पडू नयेत म्हणून, अक्षरांची बाजू आतल्या अंगाला. आणि आबा भिंतीला टेकून आत बसले होते, दोन वर्षांत मी त्यांना इतकं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं.

माझ्या तोंडाला त्या दिवशी बांध राहिला नाही. मी दुधाची पिशवी तिथंच टाकली आणि म्हणाले, "जलमभर मेंढरांमागं हिंडलात. तुम्हाला कधी घर नको होतं, आता आमचंही होऊ देऊ नका." पुतणे बाहेर उभे होते, त्यांनी माना खाली घातल्या. आबांनी माझ्याकडं पाहिलं.

"झालं," ते म्हणाले. "उठवतोच आता."

तेवढ्यात मोटारसायकल आली. सर्कल साहेब, आणि मागं बसलेले तलाठी भाऊसाहेब. दीड तास आधी. आयुष्यात पहिल्यांदा कुणी वेळेच्या आधी आलं होतं आणि मला ते नको होतं. पंच म्हणून आप्पाही आपल्या रानातून चालत आले. मला वाटलं, संपलं. तिघी बायकांना काय सांगायचं, तेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

साहेबांनी दारात उभं राहून आत पाहिलं. भिंतीचा चुना पाहिला. वायर पाहिली, तिच्या टोकाला रिकामा होल्डर लोंबत होता. मग खाली वाकून फळा जरासा कलता केला, आतल्या बाजूची अक्षरं वाचली आणि होता तसा परत लावून ठेवला.

"अर्जदार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," आतून आबा म्हणाले.

"सध्या या इमारतीचा वापर कशासाठी करता?"

"दिसतंय की सायेब," आबा म्हणाले.

तलाठी भाऊसाहेब कडब्याच्या पेंढीवर बसून लिहायला लागले. साहेब सांगत होते आणि मी ऐकत होते. सदर इमारतीत आजमितीस मेंढ्या बांधल्या असून तिचा वापर शेतीपूरक आहे. जागेवर विनापरवाना अकृषिक वापर आढळून आला नाही. हे दुसरं वाक्य मला कळायला थोडा वेळ लागला. साहेब टेपचं टोक धरून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मशिनी कुठंयत?"

मला माहीत नव्हतं. मी आबांकडं पाहिलं. "घरात," ते म्हणाले. "घोंगडं टाकून ठिवल्यात."

"तिथंच राहू द्या. ऑर्डर हातात पडल्याशिवाय एक सुईसुद्धा आत आणू नका. आधी परवानगी, मग वापर. मशीन चालू दिसली असती तर मला तसं लिहावं लागलं असतं. मग दंड, नोटीस, आणि फाईल पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीपर्यंत तरी हलली नसती."

तीन महिने वेळापत्रक पाठ करणारी मी, आणि गाडीच उलट्या दिशेला लावून बसले होते. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना कागद वाचता येत नव्हता, नियम माहीत नव्हता, त्यांना फक्त एकदा तिथून नीट उठायचं होतं. मला त्याच क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण इतक्या लोकांत ते जमलं नाही. मी चहा केला आणि त्यांच्या कपात साखर जास्त घातली.

मग आबा उठले. त्यांनी जिभेनं एक आवाज काढला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. सगळी मेंढरं एकदम उभी राहिली. पुतण्यांनी फळा बाजूला केला आणि कळप बाहेर निघाला, साहेबांच्या मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंनी. आबा शेवटी निघाले. दारात थांबून त्यांनी कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला, रिकाम्या वाड्यात उधळला आणि बाहेर आले, मागं न पाहता. भाऊसाहेब पंचनामा घेऊन उभेच होते. आबांच्या अंगठ्याला हळद होती. शाईत बुडवला तरी ती गेली नाही, त्यामुळे कागदावर काळ्या ठशाच्या कडेला पिवळा डाग पडला.

"पुसू का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"राहू द्या," सर्कल साहेब म्हणाले.

जून महिनाभर मी मशिनींवरचं घोंगडं उचललं नाही. शपथेवर सांगते, हात शिवशिवत होते, पण उचललं नाही. एक दिवसाआड शिरूरला जात होते. महिना संपायला तीन दिवस राहिले असताना कारकुनानं ड्रॉवरमधून ऑर्डर काढली, माझ्याकडून सही घेतली आणि कागद हातात दिला. मी तो एस.टी. स्टँडवर उभ्या उभ्या वाचला, गाडीत बसून पुन्हा वाचला आणि घरी न उतरता सरळ रांजणगावला गेले. पर्चेसच्या साहेबांनी झेरॉक्स ठेवून घेतली आणि आमचं नाव यादीत घातलं. गेटवरच्या वॉचमनला मी उगीचच सांगितलं की मी आता इथली सप्लायर आहे. तो बिहारचा होता, म्हणाला, "बधाई हो दीदी."

संध्याकाळी पडवीत मी आबांना ऑर्डर वाचून दाखवली. त्यांनीच सांगितलं, सगळी वाच, अटींसकट. मी भरभर वाचत होते. एका अटीपाशी माझा आवाज खाली आला. मंजूर प्रयोजनाशिवाय अन्य कोणत्याही कारणासाठी सदर इमारतीचा वापर करता येणार नाही.

"म्हंजी मेंढरं आत न्हाई," आबा म्हणाले.

"नाही, आबा."

"बरं. उठलोय आपण तितनं." त्यांनी कागदाकडं बोट केलं. "वाच फुडं."

त्या दिवशी मी त्यांना म्हणाले, गुरुवारी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. ते म्हणाले, "मेंढरं वरडत व्हती, मला काय ऐकू आलं न्हाई." त्यांना सगळं ऐकू आलं होतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

वर्ष कसं गेलं कळलं नाही. तिघींच्या पाच झाल्या, कापडाचे तागे टेम्पोनं यायला लागले. पुढच्या मे महिन्यात पुतण्यांचा निरोप आला, कळप वर येतोय. आबांनी मला नकाशा मागितला. खाटेवर पसरून म्हणाले, "ती लाल रेघ दाव." मी दाखवली. भिंतीपासून किती, ते विचारलं. तीन फूट, म्हटलं. मग ते काठी घेऊन वाड्याभोवती फिरले, पावलं मोजली आणि चारी बाजूंना खडे ठेवले.

कळप आला त्या दुपारी आम्ही सगळ्या आत शिवत होतो. खिडकीतून ओळखीचा आवाज आला म्हणून मी उठून बाहेर गेले. आबांनी खुंट्या ठोकून वाघर लावली होती, बरोबर खड्यांच्या बाहेरून. दोन वाजून गेले होते. वाड्याची सावली भिंतीपासून तीन-चार फूट पडली होती आणि ती जवळजवळ सगळी लाल रेघेच्या आत होती. तेवढी जागा मोकळी, थंड, आणि मेंढरं वाघरीच्या पलीकडं उन्हात माना खाली घालून उभी. आबाही त्यांच्याबरोबर उन्हातच.

"रेघंच्या भाईर हाय," ते मला म्हणाले. "टेप आनून बघ पायजे तर."

मी टेप आणली नाही. पहिली खुंटी धरून उपटली. ती पक्की ठोकलेली होती, दोन्ही हात लावावे लागले. मग दुसरी, मग तिसरी. आबा म्हणाले, "अगं, सायेब आला तर?"

"आला तर च्या करीन," मी म्हणाले आणि वाघर ओढत भिंतीपर्यंत आणली. मेंढरं एकेक करून सावलीत आली आणि वाड्याला पाठ लावून बसली. आतल्या मशिनी थांबल्या होत्या, बायका खिडकीतून बघत होत्या. मी शेवटची खुंटी भिंतीच्या कडेला ठोकली आणि आबांना म्हटलं, बसा आता.